जुनी फोर बाय फोर घरी दुरुस्त करताना

जुनी फोर बाय फोर दारात आली की पहिल्याच आठवड्यात हात शिवशिवतात ते मोठ्या टायरसाठी, उंच पाट्यांसाठी (एक्सलवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा), पुढच्या बंपरवरच्या विंचसाठी (दोर गुंडाळून अडकलेली गाडी ओढणारं यंत्र). नव्या माणसाला माझी एकच विनंती असते: हे सगळं करा, पण शेवटी करा. तीस-चाळीस वर्षं धावलेल्या गाडीत प्रत्येक सांधा थोडा थोडा झिजलेला असतो आणि मूळ चाकांवर, मूळ उंचीवर ते सगळे कसेबसे एकमेकांना सांभाळून घेत असतात. वर मोठं चाक चढवलं की वाढलेला भार टाय रॉडवर (पुढची दोन चाकं जोडणारा स्टीअरिंगचा दांडा), किंग पिनवर (ज्या खिळीवर पुढचं चाक वळतं ती), ब्रेकवर जातो आणि जो भाग सगळ्यात कच्चा तो आधी हात टेकतो. म्हणून आधी गाडी नीट थांबली पाहिजे, सरळ चालली पाहिजे, हाकेला सुरू झाली पाहिजे. उंची आणि ताकद त्यानंतर.

इथे जे सांगतोय ते वेगळी चासी (बॉडीखालचा लोखंडी सांगाडा), पुढे-मागे सरळ एक्सल (दोन चाकांमधला आडवा कणा) आणि खाली पाटे असलेल्या गाड्यांना लागू आहे. १९४१ ची विलीज जीप, १९४८ ची लँड रोव्हर, १९५१ ची टोयोटा बीजे (जिला पुढे लँड क्रूझर हे नाव मिळालं), १९७० ची छोटी सुझुकी एलजे१०: दिसायला वेगळ्या असल्या तरी खाली झोपून पाहिलं तर सगळ्यांचा सांगाडा एकाच घराण्यातला. त्या घरी दुरुस्त होतात याचं कारणही तेच. जवळपास प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो, हाताला लागतो आणि नट-बोल्टने उघडतो.

पान्याआधी वही

तुमच्या मॉडेलचं, तुमच्या सालाचं वर्कशॉप मॅन्युअल मिळवा. कुठला बोल्ट किती टॉर्कने आवळायचा, कुठे कुठलं तेल, बेअरिंग किती घट्ट, हे आकडे अंदाजाने ठरत नाहीत. सोबत एक वही ठेवा आणि पहिल्या दिवसापासून लिहा: काय उघडलं, काय बदललं, किती किलोमीटरला. काहीही खोलण्याआधी तीन बाजूंनी फोटो काढा. निघालेले नट-बोल्ट ज्या भोकातून निघाले त्याच भोकात हाताने दोन आटे परत लावून ठेवले तर ते हरवतही नाहीत आणि लांब-आखूड अशी अदलाबदलही होत नाही. जुना भाग नवा बसेपर्यंत फेकू नका. नवा सील उलटा बसवलाय की सुलटा, हे जुना शेजारी ठेवूनच कळतं.

हत्यारं फार लागत नाहीत, पण चांगली लागतात. सहा कोनांच्या गोट्या (सॉकेट) घ्या, बारा कोनांच्या नको. जुन्या गंजलेल्या डोक्यावर बारा कोनांची गोटी सटकते आणि डोकं गोल करून टाकते. रिंग पान्यांचा एक संच, टॉर्क पाना, ग्रीस गन, मल्टीमीटर, तारेचा ब्रश, मोठी हातोडी आणि एक तांब्याची किंवा पितळेची हातोडी एवढ्यावर पहिली दोन वर्षं निघतात.

गाडी उचलणे

हे वाचायला कंटाळवाणं वाटलं तरी सोडू नका. जॅक हा उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. गाडी उचलली की चासीखाली किंवा एक्सलखाली पक्के स्टँड लावायचे, जॅक सैल करून वजन स्टँडवर घ्यायचं, गाडीला खांद्याने जोरात हलवून बघायचं आणि मगच खाली जायचं. विटा किंवा सिमेंटचे ठोकळे कधीच नाहीत. ते कुठलीही पूर्वसूचना न देता फुटतात. लांब दांड्याचा उंच जॅक रानात अडकलेली गाडी काढायला उत्तम, पण त्याच्या भरवशावर गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही.

या गाड्यांची एक खोड नवख्याला ठाऊक नसते. जुन्या विलीज आणि लँड रोव्हरमध्ये हँडब्रेक मागच्या चाकांना नसतो, तो ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या एक्सलना ताकद वाटणारी पेटी) मागे, प्रोपेलर शाफ्टवर (ती ताकद एक्सलपर्यंत नेणारा फिरता दांडा) असतो. चारही चाकं जमिनीवर असताना तो गाडी घट्ट धरतो. पण मागचं एक चाक जॅकने उचललंत की मागच्या एक्सलमधला डिफरेन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) मोकळा होतो. शाफ्ट अडलेला असला तरी हवेतलं चाक उलट फिरू शकतं आणि जमिनीवरचं चाक पुढे सरकू शकतं. हँडब्रेक पूर्ण ओढलेला असताना गाडी जॅकवरून उतरते ती अशी. म्हणून चाक उचलण्याआधी जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून आणि मागून दोन्हीकडे ठोकळे लावा. हँडब्रेक कुठला आहे हे माहीत असो वा नसो.

गंजलेला बोल्ट

पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त वेळ यातच जाणार आहे, तेव्हा घाई मनातून काढून टाका. आदल्या रात्री तारेच्या ब्रशने आटे साफ करून गंज सोडवणारं तेल मारा, सकाळी पुन्हा मारा. मग बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे चार-पाच नेमके ठोके द्या. गंजाची पकड धक्क्याने तडकते आणि तेल आत शिरायला जागा मिळते. पाना लावल्यावर आधी किंचित आवळून बघा, मग सैल करा. ‘कट्’ असा कोरडा आवाज आला आणि पाना जरासा सरकला, तर गंज सुटला. पाना आवाज न करता मऊसर फिरायला लागला तर थांबा, कारण तिथे बोल्ट पिळला जातोय आणि आणखी अर्ध्या फेरीत तुटेल. तेल द्या, मागे फिरवा, पुढे फिरवा, पुन्हा मागे. याने सुटला नाही तर नट तापवणं हा पुढचा उपाय, पण जवळ रबर, ग्रीस, इंधनाची नळी नाही याची खात्री करूनच.

परत बसवताना स्टीअरिंग, ब्रेक आणि पाट्यांवरचे बोल्ट मूळच्याच ग्रेडचे घ्या. मेट्रिक बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा कोरलेला असतो. दिसायला सारखा, पण कोऱ्या डोक्याचा बोल्ट तिथे चालत नाही. स्प्लिट पिन आणि आत नायलॉनची चकती असलेले नट दरवेळी नवे लावा.

चासी ठोकून बघा

बॉडीचं पत्र्याचं काम कधीही होतं. चासी कुजली असेल तर मात्र बाकी सगळा खर्च वाया. हातोडी घ्या आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चासी ठोकत चला. शाबूत लोखंड ठणकतं. कुजलेल्या जागी तोच ठोका ठप्प येतो आणि आतून पापुद्रे झडल्याचा आवाज होतो. तिथे स्क्रू ड्रायव्हर दाबून बघा. आत गेला तर ती जागा कापून नवं लोखंड भरावं लागेल. पाटे जिथे चासीला टांगलेले असतात ते हँगर, शॉकॲब्सॉर्बरच्या पकडी, बॉडी माउंट आणि मागची आडवी पट्टी या जागा आधी बघा. बंद पेटीसारखी चासी आतून बाहेर कुजते, कारण तळाची पाणी जायची भोकं चिखलाने बुजलेली असतात. ती तारेने मोकळी करा. या कामाला दहा मिनिटं लागतात आणि फायदा वर्षानुवर्षं होतो. लँड रोव्हरसारखी ॲल्युमिनियमची बॉडी असेल तर ती जिथे लोखंडाला टेकते तिथे ओल धरून ॲल्युमिनियमच खाल्लं जातं, पांढरी पूड दिसते. तिथे मध्ये रबर किंवा सीलंटचा थर हवा.

वरवरचा गंज ब्रशने घासा, गंज थोपवणारं रसायन लावा, झिंकचा प्रायमर मारा, वर रंग, आणि पोकळ भागात पातळ मेणाचा फवारा. चासीचं वेल्डिंग मात्र शिकाऊ हाताने करू नका, ते जाणत्याकडून करून घ्या. त्याआधी बॅटरी आणि अल्टरनेटरच्या तारा सोडा आणि वेल्डिंगची अर्थ क्लिप कामाच्या अगदी शेजारी लावा, नाहीतर करंट बेअरिंगमधून वाट काढतो आणि गोळ्यांवर डाग पाडतो. इंधनाची टाकी रिकामी असली तरी तिच्याजवळ ठिणगी नको. रिकाम्या टाकीतली वाफच पेट घेते.

ब्रेक

जुनी गाडी घेतल्यावर ब्रेकचे सगळे रबरी भाग बदलायचेच, असं मी मानतो. वरून चांगला दिसणारा रबरी पाइप आतून सुजलेला असू शकतो. मग पेडल दाबलं की तेल जातं, सोडलं की परत येत नाही, आणि एका चाकाचा ब्रेक धरून राहतो.

ड्रम काढल्यावर आतली काळी धूळ फुंकू नका आणि हवेच्या पाइपने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये (ड्रमला घासणारा ब्रेकचा थर) ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते आणि ते फुप्फुसात गेलं की बाहेर येत नाही. मास्क लावा, पाण्याने ओलं करून फडक्याने पुसा आणि ते फडकं पिशवीत बांधून टाका. व्हील सिलिंडरची (तेलाच्या दाबाने चाकातला ब्रेक ढकलणारा) रबरी टोपी उचकटून बघा. आत ओल दिसली तर सिलिंडर गळतोय. लायनरला ग्रीस किंवा ब्रेक ऑइल लागलं असेल तर ते धुऊन पूर्ण निघत नाही, लायनर बदला, आणि दोन्ही बाजूंचे एकदम बदला.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. ओल शिरली की त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो आणि लांब उतारावर, नेमकं हवं तेव्हा, पेडल स्पंजासारखं होतं. दर दोन वर्षांनी ते बदलावं. मॅन्युअलमध्ये डॉट ३ (ब्रेक ऑइलचा दर्जा) असेल तर डॉट ४ चालतं. डॉट ५ हे सिलिकॉनचं, वेगळ्याच जातीचं असतं, ते यांत मिसळायचं नाही. इंजिन ऑइलचा थेंबसुद्धा या यंत्रणेत गेला तर रबर फुगतं. आणि ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, कारण ते रंग उकलतं.

ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायला दोन माणसं लागतात. मास्टर सिलिंडरपासून (पेडलला जोडलेला, तेल दाबणारा) सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात. निपलवर (चाकामागचा हवा काढायचा छोटा स्क्रू) पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या तेलात बुडालेलं. माझा धाकटा भाऊ पेडलवर बसतो, मी चाकापाशी आडवा. मी म्हणतो “दाब”, तो तीनदा सावकाश दाबून चौथ्यांदा धरून ठेवतो आणि म्हणतो “धरलंय”. मी निपल पाव फेरी उघडतो, नळीतून बुडबुडे येतात, त्याचं पेडल खाली जातं. तळाला टेकलं की तो सांगतो “टेकलं”, मी निपल आवळतो आणि मगच म्हणतो “सोड”. हा क्रम एकदा जरी चुकला, निपल उघडं असताना पेडल सुटलं, तर हवा परत आत. दर पाच-सहा दाबांनी मास्टर सिलिंडरचा डबा बघायचा. तो रिकामा झाला की सगळं पहिल्यापासून. मागचं डावं चाक करता करता एका क्षणी त्याचा आवाज बदलतो: “दादा, आता कडक लागतंय.” तोवर नळीतला शेवटचा बुडबुडाही गेलेला असतो.

त्यानंतर ड्रमचा ॲडजस्टर: चाक हवेत फिरवत ॲडजस्टर आवळत जायचा, चाक अडलं की थोडा मागे घ्यायचा, चाक मोकळं फिरून हलका घासल्याचा आवाज राहील इतपत.

स्टीअरिंग आणि पुढचा एक्सल

या गाड्यांबद्दलची नेहमीची तक्रार म्हणजे एका ठराविक वेगाला, एखाद्या खड्ड्यानंतर, पुढची चाकं अशी थरथरतात की स्टीअरिंग हातात राहत नाही. बहुतेक जण आधी स्टीअरिंग डॅम्पर (स्टीअरिंगचे धक्के शोषणारा शॉकॲब्सॉर्बर) बदलतात. डॅम्परने थरथर काही दिवस झाकली जाते, कारण मात्र जिथल्या तिथे राहतं. मीही पहिल्या गाडीवर हेच केलं आणि सहा महिन्यांनी पुन्हा तिथेच आलो, तोवर टाय रॉडची टोकंही सैल झाली होती. कारण होतं किंग पिनमध्ये.

शोधायचं असं. पुढचं एक चाक उचला, स्टँड लावा. चाक वर आणि खाली दोन्ही हातांनी धरून, वरचा हात आत ढकला, खालचा बाहेर ओढा, मग उलट. खटखट जाणवली तर ती व्हील बेअरिंगची की किंग पिनची? दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले (ढिलेपणा) नाहीसा झाला तर बेअरिंग सैल आहे, कारण ब्रेकने हब (चाक ज्यावर बसतं तो गाभा) आणि एक्सलचं टोक एकमेकांना बांधलं. ब्रेक दाबूनही तसाच राहिला तर तो किंग पिनचा. आता चाक डावी-उजवीकडे धरून हलवा. इथला प्ले बहुधा टाय रॉडच्या टोकांचा. गाडी जमिनीवर घेऊन एकाने स्टीअरिंग झपाट्याने थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवायचं आणि दुसऱ्याने प्रत्येक बॉल जॉइंटवर बोटं ठेवायची. जो सैल असतो तो बोटांना टिचक्या देतो. डोळ्यांना न दिसणारा प्ले बोटांना कळतो.

व्हील बेअरिंग घरी होतं. हबमध्ये बहुतेक दोन मोठे नट आणि मध्ये दुमडायची चकती असते. बेअरिंग पूर्ण धुऊन वाळवा, गोळ्यांवर निळसर डाग किंवा खड्डे असतील तर आतल्या-बाहेरच्या कपासकट बदला. नवं ग्रीस तळहातावर घेऊन बेअरिंगची रुंद बाजू त्यात दाबत राहा, दुसऱ्या बाजूने ग्रीस गोळ्यांमधून डोकावेपर्यंत. आतला नट चाक फिरवत आवळा म्हणजे गोळ्या जागी बसतात, मग सैल करा आणि मॅन्युअलमधल्या मापाला आणा. चकती दुमडायला विसरू नका. किंग पिनचा घट्टपणा शिम (पातळ चकत्या) कमी-जास्त करून आणतात आणि टाय रॉड सोडून, स्प्रिंग काटा अडकवून चाकाचा हब वळायला किती जोर लागतो त्यावरून मोजतात. हे पहिल्यांदा करताना जाणत्या माणसाला शेजारी बसवा.

पाट्यांचं काम सोपं आहे, फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा. यू-बोल्ट (पाटा एक्सलला बांधणारे) आवळताना ताणले जातात, म्हणून ते एकदा काढले की नवेच लावायचे. आणि रबरी बुश असतील तर शॅकलचे (पाट्याचं टोक चासीला टांगणारी हलती पट्टी) बोल्ट गाडी हवेत असताना आवळायचे नाहीत. गाडी चाकांवर उभी करून, तिचं वजन पाट्यांवर घेऊन मग शेवटचं आवळायचं. नाहीतर रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि वर्षभरात फाटतं.

तेलं, शाफ्ट आणि एक छोटा ब्रीदर

डिफरेन्शियलचं तेल काढण्याआधी वरचा भरायचा प्लग उघडा. तोच उघडला नाही आणि खालचा मात्र उघडून तेल वाहून गेलं, तर गाडी जागेवर बसली. निघणाऱ्या तेलाचा रंग बघा. काळं ठीक, दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय. प्लगच्या चुंबकावर बारीक राखाडी लगदा असणं स्वाभाविक आहे. बोटाला टोचणारे तुकडे सापडले तर मात्र कव्हर उघडावं लागेल. डिफरेन्शियलला सहसा जीएल-५ (गिअर ऑइलचा दर्जा) लागतं. पितळी सिंक्रोनायझर (गिअर बदलताना वेग जुळवणारी कडी) असलेल्या जुन्या गिअरबॉक्सला मात्र जीएल-४ घालतात, कारण जीएल-५ मधली गंधकाची रसायनं पितळ खाऊ शकतात. एकच डबा सगळीकडे ओतू नका.

पाणी आत जातं कुठून? एक्सलच्या वर बोटाच्या पेराएवढा ब्रीदर असतो. चालताना एक्सल तापतो, आतली हवा फुगते, ती तिथून बाहेर पडते. ब्रीदर चिखलाने बुजला तर हवा ऑइल सीलला ढकलून बाहेर येते आणि लोक सील बदलत बसतात. आणि तापलेला एक्सल ओढ्याच्या गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते, पाणी सीलमधून आत ओढलं जातं. ब्रीदर काढून तिथे नळी जोडा आणि तिचं टोक इंजिनच्या खोलीत उंचावर न्या. दोन्ही एक्सल, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस सगळ्यांना. सगळ्या बदलांमध्ये मला सर्वांत आवडता बदल हाच.

प्रोपेलर शाफ्ट काढण्याआधी त्याच्या दोन्ही तुकड्यांवर आणि फ्लँजवर रंगाची एक सरळ रेघ ओढा. जोडताना रेघ जुळली नाही तर दोन टोकांचे क्रॉस (शाफ्टचे वळणारे सांधे) एका पातळीत राहत नाहीत आणि गाडी घुमते. क्रॉसच्या टोप्यांभोवती लालसर पूड दिसली तर आतलं ग्रीस संपलंय.

फोर बाय फोर लीव्हर टाकण्याबद्दलही इथेच सांगतो. पुढच्या आणि मागच्या एक्सलच्या मध्ये वेगळा डिफरेन्शियल नसलेल्या या गाड्या कोरड्या कडक रस्त्यावर फोर बाय फोरमध्ये चालवायच्या नाहीत. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, तो फरक घसरून निघायला जागा मिळत नाही आणि शाफ्टमध्ये पीळ साठत जातो. लीव्हर अडकला तर जोर लावू नका, गाडी सरळ मागे घ्या, पीळ सुटतो. चारही टायर एका मापाचे हवेत तेही याच कारणासाठी.

वीज

जुन्या गाडीतल्या विजेच्या तक्रारी बहुतेक अर्थिंगच्या निघतात. दिवे मंद, स्टार्टर सुस्त, इंडिकेटर दिला की भलताच दिवा लुकलुकतो, तर आधी अर्थच्या तारा बघा. बॅटरी ते चासी, चासी ते इंजिन, चासी ते बॉडी. टोकं काढून उघडं लोखंड दिसेपर्यंत घासा, आवळा, वर ग्रीस लावा. मग मल्टीमीटरचं एक टोक बॅटरीच्या अर्थ टोकाला, दुसरं इंजिनच्या ब्लॉकला लावून स्टार्टर मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर ती तार बदला. बारा व्होल्टची चांगली बॅटरी विश्रांतीत १२.६ च्या आसपास आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दाखवते. विलीजसारख्या काही गाड्या मूळच्या सहा व्होल्टच्या, तर सुरुवातीच्या लँड रोव्हरमध्ये पॉझिटिव्ह टोक बॉडीला असतं. म्हणून बॅटरी सोडताना नियम असा: जे टोक बॉडीला जोडलेलं आहे ते आधी काढा, शेवटी लावा. पाना चुकून पत्र्याला टेकला तरी ठिणगी उडत नाही.

हेडलाइटला रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लावा. ५५ वॅटचे दोन बल्ब बारा व्होल्टवर नऊ अँपिअरच्या वर करंट ओढतात आणि तो सगळा चाळीस वर्षांच्या स्विचमधून फिरून जातो. रिलेने तो थेट बॅटरीकडून जातो आणि त्याच बल्बचा उजेड डोळ्यांना जाणवेल इतका वाढतो. फ्यूज बॅटरीच्या जवळ हवा, दिव्याच्या जवळ नाही.

इंजिनबद्दल थोडक्यात: सगळे रबरी पाइप, बेल्ट, थर्मोस्टॅट, रेडिएटरचं झाकण आणि फिल्टर बदलून सुरुवात करा. हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला जुन्या इंधन नळ्या टिकत नाहीत, त्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्या. डिझेलचा फिल्टर बदलला की हातपंपाने हवा काढल्याशिवाय स्टार्टर मारत बसू नका. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, हे सांगायची गरज नसावी, पण दरवर्षी कुणीतरी भाजतंच.

आता बदल

गाडी जिथे नोंदलेली आहे तिथले नियम आधी बघा. उंची, टायर, बंपर, दिवे यांवर ठिकठिकाणी बंधनं असतात.

पहिला खर्च टायरवर. मूळ मापातच, चांगल्या खोल नक्षीचे नवे टायर गाडीत जेवढा फरक पाडतात तेवढा दुसऱ्या कशाने पडत नाही. बाजूवर चार आकड्यांचा शिक्का असतो: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी शाबूत पण दहा वर्षं जुना टायर घेऊ नका. मोठं माप घ्यायचंच असेल तर हिशेब करा: २९ इंचांवरून ३२ वर गेलात की स्पीडोमीटर ८० दाखवेल तेव्हा गाडी ८८ ने पळत असेल, चढावर गिअर जड वाटेल आणि ब्रेकला जास्त जोर लागेल.

दुसरा खर्च ओढण्याच्या हुकांवर. पुढे-मागे, चासीला पक्क्या बोल्टने बसवलेले, भार सोसण्याची क्षमता कोरलेले. ट्रेलर जोडायच्या गोळ्याला दोर अडकवून अडकलेली गाडी ओढू नका. तो गोळा तुटून गोळीसारखा येतो आणि माणसं त्याने दगावली आहेत.

उंची वाढवताना दोन इंचांवर थांबा, निदान पहिल्यांदा. लांब शॅकल हा स्वस्त मार्ग, पण शॅकल दोन इंचांनी लांबवली की गाडी एकच इंच उचलली जाते आणि एक्सल जागच्या जागी थोडा फिरतो. पुढच्या एक्सलला तसं झालं की कास्टर (किंग पिनचा मागे झुकलेला कोन) बिघडतो, मग वळणानंतर स्टीअरिंग आपोआप सरळ होत नाही आणि गाडी रस्ता हुंगत चालते. पाटा आणि एक्सल यांच्यामध्ये पाचरीसारखी पट्टी घालून कास्टर सुधारता येतो, पण मग डिफरेन्शियलचं तोंड खाली झुकतं आणि शाफ्टचा कोन वाढतो. एक सुधारलं की दुसरं बघावंच लागतं. म्हणून मी पूर्ण नवे, योग्य कमानीचे पाटे आणि त्यांना जुळणारे शॉकॲब्सॉर्बर घ्या म्हणतो. बसवल्यावर एक्सल पूर्ण खाली लोंबू द्या आणि ब्रेकचा रबरी पाइप, ब्रीदरची नळी, शाफ्टचा सरकता सांधा ताणले जात नाहीत ना, हे हाताने चाचपून बघा.

विंच गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दीडपट क्षमतेचा घ्या. पूर्ण भारावर तो शेकडो अँपिअर ओढतो, तेव्हा तारा, बॅटरी आणि बंद करायचा मोठा स्विच त्या तोडीचे हवेत. दोर ताणलेला असताना कुणीही त्याच्या रेषेत उभं राहू नये आणि दोरावर जड पिशवी किंवा गोणपाट टाकावं, म्हणजे तुटला तरी जमिनीकडे जातो.

स्नॉर्केलबद्दल (इंजिनला उंचावरून हवा देणारं नळकांडं) बराच गैरसमज आहे. उंच नळकांडं लावलं पण खाली एअर फिल्टरच्या डब्याचे सांधे आणि पाणी जायचं भोक उघडं राहिलं, तर इंजिन तिथून पाणी पितं. पाणी दाबलं जात नाही, म्हणून पिस्टनचा दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, वाकतो. लावायचं तर प्रत्येक सांधा सील करा, नळकांड्याचं तोंड हाताने झाका. चालू इंजिन काही क्षणांत गुदमरून बंद पडलं पाहिजे.

पहिली फेरी

काम झाल्यावर पहिली फेरी घराजवळ, सपाट रस्त्यावर, पाने आणि जॅक सोबत घेऊन. मोकळ्या जागी सावकाश वेगात तीन-चारदा ब्रेक दाबा, गाडी एका बाजूला ओढते का बघा. वीस-पंचवीस किलोमीटर झाले की थांबा. चाकांचे नट, यू-बोल्ट आणि स्टीअरिंगचे बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा. नवे यू-बोल्ट हमखास थोडे सैल होतात, शंभर किलोमीटरनंतर आणखी एकदा बघा. मग चारही हबजवळ आधी तळहात दूरून धरा, नंतर टेकवा. चारही सारखेच कोमट हवेत. एखादा बाकीच्यांपेक्षा गरम लागला तर ते चाक उचलून फिरवा: घासत असेल तर ब्रेकचा ॲडजस्टर थोडा मागे घ्या, मोकळं फिरूनही गरम असेल तर बेअरिंग जास्त आवळलं गेलंय. ते दुरुस्त करा, वहीत लिहा आणि पुन्हा वीस किलोमीटर जाऊन या.